जळत्या तोक्योची चित्रे: कियोचिकाच्या प्रतिकृतींचा संच

कोबायाशी कियोचिका (१८४७–१९१५) याने १८७६ ते १८८१ या काळात तोक्यो शहराची नव्वदहून अधिक काष्ठमुद्राचित्रे केली. त्यांपैकी १८८१ सालच्या आगींवरील चित्रांच्या प्रतिकृतींचा हा संच मूळ आकारात छापलेला असून, निवड आणि मांडणी या दोन्ही बाबतींत तो अतिशय विचारपूर्वक केलेला आहे.

२६ जानेवारी १८८१ रोजी तोक्योच्या कान्दा या भागात लागलेली आग र्योगोकुपर्यंत आणि सुमिदा नदीच्या पलीकडेही पोहोचली व तिच्यात १०,०००हून अधिक घरे जळाली. कियोचिका आगीची रेखाटने करीत फिरत असताना त्याचे स्वतःचे घरही त्याच आगीत गेले, असे सांगितले जाते. १८७२च्या आगीनंतर शहरातील गिन्झा हा भाग विटांनी बांधून काढण्यात आला होता, १८७४मध्ये तेथे गॅसचे दिवेही लागले होते. पण उरलेले शहर बहुतांशी लाकडाचेच होते. संचासोबतच्या पुस्तिकेत ही पार्श्वभूमी नेमकेपणाने दिली आहे, त्यामुळे गॅसदिव्यांच्या उजेडाची चित्रे काढणारा हाच कलावंत आगीच्या उजेडाकडे कसा वळला, हे वाचकाला सहज उमगते.

प्रतिकृतींची खरी कसोटी मात्र काळ्या रंगात आहे. पारंपरिक मुद्राचित्रांतील ठळक बाह्यरेषा कियोचिकाने जवळजवळ सोडून दिली आणि आकार छायाप्रकाशातून घडवले. हिसामात्सु-चो येथून दिसणाऱ्या आगीच्या चित्रात पेटलेल्या आकाशासमोरची माणसे निव्वळ काळ्या आकृत्या म्हणून उभी आहेत, आणि त्या काळेपणात खोली नसेल तर ज्वाळांचे तेजही उणावते. येथे नारिंगी आणि लाल छटा सुरेख उतरल्या आहेत. ठसा छापण्यापूर्वी त्यावरील रंग ओलसर ब्रशने फिकट करीत नेण्याच्या पद्धतीमुळे धुरात येणारी छटांची मऊ उतरणही बऱ्यापैकी टिकली आहे. परंतु चकचकीत कागदामुळे गडद भाग दिव्याखाली आरशासारखे चमकतात आणि मूळ जपानी कागदात रंग मुरल्याने येणारी घनता नाहीशी होते. चित्र थोडे तिरके धरून पाहिले तर हा त्रास कमी होतो. भिंतीवर लावलेल्या चित्राच्या बाबतीत तो उपाय चालणार नाही.

आग विझल्यानंतरच्या र्योगोकुचे चित्र संचात शेवटी ठेवले आहे, हे मला फार योग्य वाटले. केवळ ज्वाळांची चित्रे निवडली असती तर या आपत्तीचे दर्शन नेत्रदीपक देखाव्यापुरते उरले असते. हे चित्र फिकट रंगांत असल्याने चकचकीत कागदाचा दोष त्यात सर्वांत कमी जाणवतो.

अभ्यासासाठी हा संच जरूर घ्यावा. चित्रे चौकटीत लावण्यासाठी घेणाऱ्यांनी मात्र प्रकाशकाने खडबडीत, चमक नसलेल्या कागदावर आवृत्ती काढेपर्यंत थांबावे, आणि तशी आवृत्ती त्याने लवकर काढावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.