व्हेवो लेझर: माऊसच्या मेंदूसाठी घ्यावे का?

टोरोंटोच्या फुजीफिल्म व्हिज्युअलसॉनिक्सचे हे यंत्र म्हणजे उच्च वारंवारतेची सोनोग्राफी आणि तिच्या प्रोबला जोडलेला लेझर. नॅनोसेकंदांचे स्पंद सेकंदाला २० वेळा पडतात, तरंगलांबी ६८० ते ९७० नॅनोमीटर. हिमोग्लोबिन प्रकाश शोषते, किंचित तापून प्रसरण पावते आणि त्यातून उठलेला ध्वनी प्रोब टिपतो. म्हणजे दिसते ते रक्त. चेतापेशी थेट दिसत नाहीत, हे खरेदीआधीच पक्के समजून घ्यावे.

ऑक्सिजनचे मापन ही याची जमेची बाजू. ७५० नॅनोमीटरला ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन जास्त शोषते, ८५० ला ऑक्सिजनयुक्त. दोन्हींच्या गणितातून संपृक्ततेचा, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त आहे याचा, रंगीत नकाशा मिळतो. पण खोल जाताना दोन्ही तरंगलांबींचा प्रकाश सारखा घटत नाही. त्यामुळे खोलवरचा आकडा शब्दशः घेऊ नये, त्याच जागेचा आधी-नंतरचा फरक पाहावा. मांडणी तपासायला श्वासातला वायू १०० टक्के ऑक्सिजनवरून साध्या हवेवर आणावा. नकाशात मेंदूवरची मोठी शीर बदललेली दिसली नाही तर पुढचा प्रयोग करूच नये.

निम्मे अपयश तयारीतले असते. केस काढायची क्रीम कोमट पाण्याने पूर्ण धुवावी, उरली तर कातडी भाजते. सोनोग्राफीचे जेल आधी सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून घ्यावे, कारण एक बुडबुडासुद्धा खाली काळी पट्टी सोडतो. सी५७ या प्रयोगशाळेतल्या काळ्या जातीच्या माऊसचे मेलॅनिन प्रकाश वरच अडवते. म्हणून डोक्यावरची कातडी बाजूला करून कवटी सलाइनने ओली ठेवावी लागते. ४० मेगाहर्ट्झचा प्रोब कागदावर सरस वाटतो, पण हाड उच्च वारंवारता खाऊन टाकते. कवटी अखंड ठेवायची असेल तर २१ चाच घ्यावा. रॅटची कवटी जाड, तिथे ती घासून पातळ केल्याशिवाय निभाव लागत नाही.

पंजाला विद्युत उद्दीपन देऊन कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) प्रतिसाद शोधायचा असेल, तर आयसोफ्लुरेन हे भुलीचे औषध आड येते. ते रक्तवाहिन्या आधीच रुंदावते आणि प्रतिसाद दाबते, त्यामुळे भूल सव्वा टक्क्याच्या आसपास, जनावर हलणार नाही इतपतच ठेवावी. तरीही एका फेरीत काही दिसेलच असे नाही. उद्दीपन-विश्रांतीच्या अनेक फेऱ्यांची सरासरी काढावीच लागते. शिवाय सरळ रांगेच्या प्रोबला वरून खाली उतरणाऱ्या बारीक वाहिन्या फारशा दिसत नाहीत. त्यांचा ध्वनी आडवा निघून जातो, सरासरीने तो परत येत नाही. कवटीखाली दिसणारी समांतर 'वाहिनी' बहुधा ध्वनीचा पडसाद असतो.

स्ट्रोक, हायपॉक्सिया (ऑक्सिजनची कमतरता), मेंदूतली गाठ यांसाठी जरूर घ्यावे. फक्त मिशांच्या उद्दीपनाला मेंदू कुठे प्रतिसाद देतो याचे नकाशे हवे असतील तर पैसा दुसरीकडे लावावा. आणि बहुतेक किरण डोळ्यांना जाणवतही नाहीत, तेव्हा या तरंगलांबी अडवणारा चष्मा खोलीतल्या प्रत्येकाला हवाच.