बिटवॉर्डन: दीड वर्ष वापरल्यावर

दोन वर्षांपूर्वी माझं एका व्हिडिओ सेवेचं खातं कुणीतरी ताब्यात घेतलं. ईमेल बदलला आणि सेव्ह केलेल्या माझ्याच कार्डावर सगळ्यात महागडा प्लॅन घेतला. पासवर्ड फुटला होता भलत्याच, कधीकाळी वापरलेल्या साइटवरून. मी दोन्हीकडे एकच ठेवला होता. आपला ईमेल कुठल्या फुटलेल्या साइटच्या यादीत आहे ते सांगणाऱ्या 'हॅव आय बीन पॉन्ड'वर ईमेल टाकला तेव्हा हे कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी बिटवॉर्डन घेतलं. २०१६ पासून चालू असलेला हा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवणारं ॲप आहे, त्याचा प्रोग्राम कसा लिहिलाय ते सगळ्यांना तपासता येतं, आणि फुकटच्या प्लॅनमध्येही पासवर्डच्या किंवा उपकरणांच्या संख्येला मर्यादा नाही. सगळं आपल्याच फोनवर कुलूपबंद होऊन मग त्यांच्या सर्व्हरवर जातं. म्हणूनच ही तिजोरी उघडणारा मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो शोधून देऊ शकत नाही. माझा पाच असंबद्ध शब्दांचा आहे. ओटीपीचं ॲप हरवलं तर लागणाऱ्या रिकव्हरी कोडसोबत कागदावर लिहून तो कपाटात, महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवलाय.

पहिल्याच संध्याकाळी सगळी खाती एका यादीत आली आणि मी हादरले. माझं कार्ड नऊ ठिकाणी सेव्ह होतं, त्यातल्या सहा सेवा मी वापरतही नव्हते! तिथे आधी सबस्क्रिप्शन रद्द केलं, मग कार्ड काढलं. चालू खात्यांचे पासवर्ड बदलले आणि 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' दाबलं. हे शेवटचं विसरू नका, कारण काही ठिकाणी पासवर्ड बदलला तरी आधीच आत बसलेला माणूस आतच राहतो. ईमेलचा पासवर्ड मात्र सगळ्यांत आधी बदला.

कार्डाचा नंबर आता मी साइटवर न ठेवता बिटवॉर्डनमध्येच ठेवते. सीव्हीव्हीचा रकाना रिकामा सोडते. ओटीपी बनवणारं ॲपही वेगळं आहे. दोन्ही किल्ल्या एकाच डब्यात ठेवायला माझं मन धजत नाही.

खरा उपयोग कळला तो 'तुमचं पेमेंट अडकलंय, कार्ड अपडेट करा' असा मेल आला तेव्हा. लिंक उघडली तर लोगो, रंग, सगळं हुबेहूब. एरवी त्या साइटवर ब्राउझरमधल्या बिटवॉर्डनच्या चिन्हावर १ आकडा दिसतो, म्हणजे इथलं एक खातं तिजोरीत आहे. त्या दिवशी आकडाच नव्हता. पत्ता अक्षर-अक्षर वाचला, तेव्हा दिसलं की 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' खेटून लिहिलेत. माझ्या डोळ्यांना तो फरक एरवी कधीच दिसला नसता.

मागच्या महिन्यात बाबांच्या लॅपटॉपवर घालून दिलं. त्यांचा मास्टर पासवर्ड मी विचारला नाही, फक्त तो आकडा बघायला शिकवलं. परवा त्यांचा फोन आला, "अगं, आकडा दिसत नाहीये. पासवर्ड हाताने टाकू का?"

"नको बाबा, पान बंद करा."