किनारी जलाशयाचा बांध: समुद्राकडील उताराला दगड की टेट्रापॉड?

नागपुरात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्याच्या पाहण्यातले पिचिंग म्हणजे मातीच्या धरणाच्या पाण्याकडील उतारावर बसवलेला दगडांचा थर, आणि जलाशयात वाऱ्याने उठणाऱ्या लाटांना तो पुरतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ज्यांनी किनारी जलाशय (समुद्राला लागून बांध घालून गोडे पाणी साठवणारा) निवडला आहे, त्यांना मात्र खाणीतील अवजड दगड आणि काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे म्हणजेच टेट्रापॉड यांपैकी एकाची निवड करावी लागेल.

लाटेला टिकणाऱ्या दगडाचे वजन काढण्याच्या हडसनच्या सूत्रानुसार हे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लाट दुप्पट झाली की दगड आठपट जड हवा. 1:2 उतार, 3 मीटर उंचीची फुटणारी लाट, दगडाची सापेक्ष घनता 2.65 आणि स्थिरता गुणांक (दगड किंवा ठोकळे लाटेत किती घट्ट टिकतात ते सांगणारा आकडा) 2 धरल्यास एकेक दगड सुमारे साडेचार टनांचा लागतो. टेट्रापॉडचा गुणांक 7 धरला, तर काँक्रीट दगडापेक्षा हलके असूनही दोन टनांच्या आत भागते. हीच लाट 4 मीटरची धरली की दगड साडेदहा टनांच्या पुढे जातो, आणि एवढे अखंड दगड हवे तितके देणारी खाण जवळपास मिळणे कठीण.

तरीही 3 मीटरपर्यंतच्या लाटेसाठी माझा कौल दगडालाच आहे. टेट्रापॉडला साचे, क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवून पक्के करणे), साठवणीचे आवार असा वेगळा कारखानाच लागतो. शिवाय त्याची ताकद एकमेकांत अडकण्यात असल्यामुळे पाय मोडला की शेजारचेही सैल होतात. दगडांचा थर हळूहळू ढासळतो आणि वरून भर घालून सावरता येतो.

मात्र या दोहोंपैकी एकही खारे पाणी अडवत नाही, आणि बंदराच्या लाटारोधकाचा आराखडा जसाच्या तसा उचलणारे नेमके इथेच फसतात. लाटारोधकातून पाणी झिरपले तरी चालते; इथे जलाशयाची पातळी समुद्राच्या खाली गेली की पाझर उलटा, आत येतो. हाँगकाँगमधील प्लोव्हर कोव्ह येथे (1968) उपसागराचे तोंड सुमारे 2 किलोमीटरच्या बांधाने बंद करून आतले समुद्राचे पाणी उपसले गेले; अशा बांधाला अभेद्य गाभा हवाच. गाभा आणि बाहेरचे दगड-टेट्रापॉडचे कवच यांच्यामधले गाळणी थर नीट श्रेणीबद्ध (आतून बाहेर बारीक ते मोठे) नसतील, तर लाट मागे हटताना बारीक भराव फटींतून ओढून नेते, मग वर दगड असो वा टेट्रापॉड. माथ्याची उंची ठरवतानाही लाटेचे पाणी उतारावर किती चढते ते तपासावे, कारण माथ्यावरून आत पडणारे पाणी खारेच असते.