साठला सा, नव्वदला पंचम: पाटण रस्त्यावरच्या चाचांचं गॅरेज

मी हार्मोनियम शिकवते. दर शनिवारी कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं, दोन वर्ग घ्यायचे, रविवारी परत. गाडी 2017 ची छोटी हॅचबॅक, 68 हजार किलोमीटर पळालेली. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं या घाटामुळे आणि माझ्या कानामुळे घडलं.

मागच्या दिवाळीनंतर गाडीतून एक घुमणारा सूर यायला लागला. वेग चाळीसच्या खाली असला की काही नाही. साठला सा धरला, तर ऐंशीला शुद्ध मध्यम, आणि हायवेवर नव्वदला गेलं की पंचम. मला वाटलं इंजिन असेल. मग एका सपाट, रिकाम्या रस्त्यावर गिअर काढून गाडी नुसती पळू दिली. इंजिनाचा आवाज धाडकन खाली आला, सूर मात्र होता तिथेच. म्हणजे इंजिन नाही, चाकांकडचं काहीतरी, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

ज्या मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या ठिकाणी मी आधी गेले, तिथे हे सगळं सांगितलं. समोरचा मुलगा टॅबवर टिकमार्क करत होता. "मॅडम, टायरचा आवाज आहे, पुढचे दोन बदलून घ्या." बदलले. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा नीट लावून दिल्याचा कागदही दिला. गाडी बाहेर काढली, साठ गाठला, आणि सा जागच्या जागी! परत गेले तर म्हणे नवीन टायर थोडे दिवस वाजतात. सात हजार किलोमीटर झाले, सूर चढतच गेला, आणि डावा पुढचा टायर आतल्या कडेला टकला झाला. बाहेरून बघितलं तर नवाकोरा. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून, टॉर्च मारल्यावर दिसलं.

तेव्हा आमच्या दूधवाल्याने पाटण रस्त्यावरच्या या गॅरेजचं सांगितलं. बोर्डावरची अक्षरं पावसाने केव्हाच धुऊन नेलीत आणि चाचा स्वतःच म्हणतात, नाव कुठे टाकू नका, आहे तेवढी गर्दी झेपत नाही. त्यामुळे मी टाकत नाही. टायरचा मनोरा आणि त्यावर झोपलेलं मांजर, एवढी खूण पुरे.

चाचांनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, आवाज कसा येतोय?" मी चक्क गाऊन दाखवला. हसले नाहीत. म्हणाले, "घाटात कुठल्या वळणाला वाढतो?" हा प्रश्न मला आधी कुणी विचारलाच नव्हता, आणि उत्तर मला पाठ होतं. उजव्या वळणाला वाढतो, डाव्याला जवळजवळ गप्प होतो. "मग डावं बेअरिंग धरू या. पण बघितल्याबिगर बोलायचं न्हाई." बेअरिंग म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो भाग. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे डावीकडचं दुखणं कण्हायला लागतं. टायरचा आवाज असता तर वळणापेक्षा रस्त्याप्रमाणे बदलला असता. खडबडीत डांबरावर एक, गुळगुळीत काँक्रीटवर दुसरा.

त्यानंतरचा पाऊण तास मी नुसती बघत उभी होते. बसायला खुर्ची नाही, हे त्याचं एक कारण, पण तेवढंच नाही. आधी हवा बघितली. डावीकडे 26, उजवीकडे 34. गाडीच्या दारापाशी खांबावर चिकटवलेला तक्ता मला दाखवला, त्यावर काय हवं ते छापलेलं असतं, आणि गाडी थंड असताना मोजायचं हे बजावलं. मग तळहात टायरवर आडवा फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. मलाही फिरवायला लावला. एका बाजूने गुळगुळीत, उलट्या बाजूने करवतीसारखं. "हे टोचं काम. चाकं तोंडं फाकवून चाललीत, रस्त्याला घासत." टो म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधली पट्टी झिजली तर हवा जास्त, जागोजागी खळगे पडले तर शॉकअप नाहीतर बॅलन्सिंग. टायर वाचता येतो, असं मला पहिल्यांदाच कळलं.

मग मला गाडी चालवायला लावून ते मागे डावीकडे बसले, कान दाराला लावून. पाटण रस्त्याला वीस मिनिटं गेलो. परत येऊन गाडी जॅकवर, खाली घोडीचा टेकू. चाक हाताने जोरात फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. मग माझा हात तिथे ठेवायला सांगितला. जात्यात खडा आल्यावर खुंटा हाताला जसा सांगतो, तसं काहीतरी खरखरत होतं. उजव्या चाकाला तेच केलं तर हाताला काहीच नाही.

पुढची युक्ती मला सगळ्यात आवडली. चाक वर-खाली धरून हलवलं, थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा होता. गॅरेजमधल्या पोराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवलं, प्ले गायब. ब्रेक दाबल्यावरही राहिला असता तर बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या सांध्याचा संशय. गेला म्हणजे बेअरिंग. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं, तर तिथे वेगळाच खटखट. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक, ढिला.

म्हणजे दोन वेगळे आजार होते. सूर बेअरिंगचा, झीज टाय रॉड एंडमुळे बिघडलेल्या टोची, आणि वर कमी हवेची भर. आधीच्या ठिकाणी दोन्हींची एकच पुडी बांधून मला टायर विकले. ढिला भाग न बदलता अलाइनमेंट करणं म्हणजे फाटक्या भात्याची पेटी सुरात लावणं. पडद्यावर आकडे हिरवे होतात आणि पहिल्याच खड्ड्यात पुन्हा विसकटतात.

कामाला मात्र दिवस गेला. हे बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, प्रेसशिवाय निघत नाही, आणि चाचांकडे प्रेस नाही. पोरगं तो लोखंडी भाग पोत्यात घालून स्कूटरवरून वर्कशॉपमध्ये गेलं आणि अडीच तासांनी उगवलं. मधल्या वेळात चाचा फोन उचलत नव्हते (समोर बसूनसुद्धा, तो फोन माझाच होता, मी चहाच्या टपरीवरून करत होते). शुक्रवार होता, तेव्हा दुपारी एक ते तीन शटर बंद. बायकांनी तिथे पूर्ण दिवस काढायचा म्हणजे जवळच्या पेट्रोल पंपाशी ओळख वाढवावी लागते.

खराब झालेल्या टायरच्या खोबणीतली छोटी उंच खूण त्यांनी दाखवली. रबर झिजून तिच्या बरोबरीला आलं म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं, टायर संपला. आतल्या बाजूला ती खूणसुद्धा घासली गेली होती. स्टेपनीवर 1417 लिहिलेलं, म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा. "दिसायला नवी हाय, पण रबर कडक झालंय. पंक्चर झालं तर घरापर्यंत जावा, रोज नको." हवा तो टायर त्यांच्याकडे नव्हता, तो दुसरीकडून आणायला लावला, आणि त्यात स्वतःचं काही ठेवलं नाही.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. पडद्यासमोर मला उभं केलं. डावीकडचा टो लाल, सोडवून, फिरवून हिरवा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, थोडा इकडेतिकडे होता, तो या गाडीला सेट करायची सोयच नाही, असं स्वतःहून सांगितलं. आधीच्या कागदावर कॅम्बर ॲडजस्टमेंटचे पैसे लावले होते, तो कागद मी आता जपून ठेवलाय.

हिशोब: बेअरिंग 1,400, काढ-घाल आणि प्रेसचे 900, टाय रॉड एंड 520, अलाइनमेंट आणि चारही चाकांचं बॅलन्सिंग 700. एकूण 3,520. टायर वेगळा, 4,300. यूपीआय चालतं, पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून मिळतं. जुनं बेअरिंग मागायच्या आधीच पिशवीत घालून दिलं. ते आता वर्गात आहे. मुलं फिरवून खरखर ऐकतात.

परतताना साठला गेले. सा नाही. नव्वदला पंचम नाही. अगदी शांतही नाही, खाली एक बारीक खसखस राहिली. उजवा टायरही थोडा करवती झालेला, तो मागे टाकलाय, आवाज हळूहळू कमी होईल असं चाचांनी आधीच सांगितलं होतं. तीन हजार किलोमीटर झाले, बराच कमी झालाय. नव्या टायरवर हात फिरवते, दोन्हीकडून सारखा लागतो.

गॅरेजला तारे देताना अर्धा तारा मी कापलाय तो नटांसाठी. त्या पोराने हवेच्या गनने नट असे काही आवळले, की महिन्याने कोयनानगरजवळ पंक्चर झालं तेव्हा एकही हलेना. पान्यावर उभी राहिले तरी नाही. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्या दादांनी पान्याला पाइप लावून ते सोडवले. पुढच्या फेरीला जाऊन चाचांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पोराच्या हातून गन काढून घेतली. आता माझ्या गाडीचे नट शेवटी हातपान्याने आवळले जातात, आणि निघायच्या आधी त्यातला एक मला सोडवून पुन्हा लावून दाखवावा लागतो. मांजर टायरांवरून बघत असतं.