न्हाणीघरातील बुरशीसाठी ब्लीचचे जेल : डाग जातो, बुरशी जातेच असे नाही

दमट हवेत न्हाणीघराच्या सांध्यांवर धरणारी काळी बुरशी घालवण्यासाठी मिळणारी बरीचशी जेल सोडियम हायपोक्लोराइटवर, म्हणजेच साध्या ब्लीचवर आधारलेली असतात आणि मी वापरलेले जेलही त्यांपैकीच एक आहे. पातळ ब्लीच उभ्या भिंतीवरून लगेच ओघळून जाते. हे जेल घट्ट असल्यामुळे टाइल्सच्या फटींत आणि बेसिनच्या कडेच्या सिलिकॉनवर लावले तिथेच टिकून राहते. साध्या ब्लीचपेक्षा जास्त पैसे मोजायचे ते एवढ्याच सोयीसाठी.

सिलिकॉनवरचे वरवरचे डाग त्याने खरोखरच उत्तम जातात. चकचकीत टाइल्सवर मात्र त्याची गरजच नाही, कारण तिथली बुरशी साबणाच्या पाण्याने आणि ब्रशनेही निघते. अडचण येते ती सच्छिद्र पृष्ठभागावर. सिमेंटच्या ग्राउटमध्ये (टाइल्सच्या फटींत भरलेल्या मसाल्यात) आणि रंग दिलेल्या छतात बुरशीचे तंतू आत शिरलेले असतात, तर ब्लीच वरच्या थरातच खर्ची पडते. परिणामी डाग पांढरा होतो, पण आत उरलेली बुरशी ओल मिळताच पुन्हा वर येते. म्हणून बाटलीवरचा ‘मुळापासून नायनाट’ हा दावा मला दिशाभूल करणारा वाटतो. सिलिकॉनची पट्टी मागच्या बाजूने काळी पडली असेल, तर ती कापून काढावी, जागा पूर्ण वाळू द्यावी आणि बुरशीरोधक सिलिकॉन नव्याने भरावे. तिथे कोणतेही जेल पोहोचत नाही. (नळाभोवतीचा गुलाबी बुळबुळीत थर बहुधा बुरशीचा नसून जिवाणूंचा असतो.)

सर्वांत गंभीर उणीव लेबलची आहे. ब्लीच आम्लयुक्त टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो आणि अमोनियाशी संयोग झाल्यास घातक क्लोरामाइन तयार होतात, तरीही ही सूचना मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत छापलेली आहे, आणि पुढची सगळी जागा चमकत्या टाइल्सच्या चित्राने व्यापली आहे.

डाग किती काळ परतणार नाहीत, हे जेलपेक्षा भिंती किती लवकर वाळतात यावर ठरते. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिल्यास बुरशीला आळा बसतो. पण बाहेरची हवाच दमट असेल, तर नुसती खिडकी उघडून ते साधत नाही. आंघोळीनंतर भिंतींवरचे पाणी वायपरने ओढून काढावे आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा, मात्र आत हवा यायला दाराखाली फट नसेल तर तो फॅन नुसताच घरघरतो.

खरेदी करताना उत्पादनाची तारीख अवश्य पाहावी आणि लहान बाटलीच घ्यावी, कारण हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपोआप विघटित होत जाते व स्वस्त पडते म्हणून आणलेल्या मोठ्या बाटलीतील शेवटचे जेल निम्मेही काम करीत नाही.