जीटर की रिवेरा?

न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाच्या सर्वकालीन महान खेळाडूंच्या यादीत रूथ, गेरिग, डिमॅजिओ आणि मँटल यांच्यानंतर पाचवं नाव कोणाचं?

डेरेक जीटरचे 3465 हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे यशस्वी फटके, हा संघाचा विक्रम आहे. 25 सप्टेंबर 2014 ला घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात त्याने शेवटच्या फटक्यावर सामना जिंकून दिला. असा निरोप क्वचितच कुणाला मिळतो. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, म्हणून त्याचं क्षेत्ररक्षण मात्र आकडेवारीत कमी पडतं, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं.

गोलंदाज (पिचर) मारियानो रिवेरा शेवटच्या इनिंगमध्ये यायचा, बहुतेकदा एकाच प्रकारचा चेंडू टाकायचा, कटर, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित वळणारा वेगवान चेंडू. काय येणार हे फलंदाजाला ठाऊक असायचं, तरी बॅट तुटायची! 652 सेव्ह्ज, म्हणजे राखलेल्या आघाड्या, हा तेव्हाचा आणि आजचाही विक्रम. पोस्टसीझनच्या, म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या, 141 इनिंग्जमध्ये त्याची सरासरी (दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा) 0.70 आहे. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानासाठी 2019 मध्ये त्याला सगळी मतं मिळाली, असं आधी कधीच घडलं नव्हतं. पुढच्या वर्षी जीटरचं एक मत हुकलं.

जीटर रोज खेळायचा, रिवेरा मोजक्या इनिंग्ज. हा जीटरच्या बाजूचा वजनदार मुद्दा. तरीही ऑक्टोबरच्या दडपणात मी चेंडू रिवेराच्याच हाती देईन. पाचवा तोच. 2013 मध्ये घरच्या मैदानावरच्या त्याच्या अखेरच्या सामन्यात त्याला मैदानाबाहेर न्यायला जीटर आणि सहकारी गोलंदाज अँडी पेटिट आले, तेव्हा तो पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता.