केल्टिक गाठीचं पेन: पट्टी लाकडाची की ॲल्युमिनियमची?

केल्टिक गाठ म्हणजे लाकडी पेनावर एकमेकांत गुंफलेल्या कड्यांसारखी दिसणारी नक्षी. चौकोनी लाकडी ठोकळ्याच्या चारही बाजूंना एकामागून एक, एकाच कोनात काप घेऊन त्यात पट्ट्या चिकटवायच्या, मग लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) गोल करायचं. इथवर दोन्हींची कृती एकच. खर्चातही फारसा फरक नाही.

खरी मेख जाडीची. पट्टी करवतीच्या कापाएवढीच जाड हवी, नाहीतर पुढच्या कापानंतर आधीच्या पट्टीचे तुकडे सरळ रेषेत येत नाहीत आणि गाठ तुटल्यासारखी दिसते. काप 2.4 मिमी रुंद असेल तर लाकडी पट्टी घासून नेमकी तेवढी करता येते. ॲल्युमिनियमचा पत्रा ठरावीक जाडीतच मिळतो. त्याला जुळणारं पातंच शोधावं लागतं.

दुसरं, उष्णता. पेनाच्या आतल्या नळीसाठी 7 मिमीचं भोक पाडताना ॲल्युमिनियम तापतं, सुपरग्लू सुटतो, कधी ठोकळाच फुटतो. म्हणून पत्रा 80 नंबरच्या सँडपेपरने खरवडून इपॉक्सी गोंद लावा, रात्रभर वाळू द्या आणि ड्रिल वारंवार बाहेर काढा. शिवाय घासताना धातूची काळी भुकटी मेपलसारख्या फिक्या लाकडात शिरते, ती निघता निघत नाही. शिसवीत हे लपतं.

पहिलंच पेन असेल, तर शिसवीत मेपलची पट्टी घाला. हात बसलाय, धारदार हत्यार आहे आणि चकाकी हवीच असेल, तर ॲल्युमिनियम. मात्र लाकूड गडदच घ्या.